रापणीत आलेला भुंगा

कोंबडीचे मुंडके विहिरीच्या कठड्यापाशी पडले होते आणि धड अजून अंगणभर धावत होते. वाळत घातलेली सगळी सुकट उडून कौलांवर, विहिरीत आणि शेजारच्या गोदूबाईच्या केसांत जाऊन बसली होती. अंगणात उतरलेल्या यंत्राचे पंखे थांबेपर्यंत मी ओटीवर उभी राहिले. थांबले तशी उतरले आणि त्या यंत्राच्या खुर्चीत पट्ट्याने स्वतःला बांधून घेतलेल्या माझ्या छत्तीस वर्षांच्या लेकाच्या कानाखाली एक ठेवून दिली. डोक्यावर टोप होता, म्हणून माझाच हात झिणझिणला. टोप काढायला लावला आणि दुसरी दिली.

"आये, लोकं बघतायत!"

"बघूदेत. त्यासाठीच दारात उतरलास ना?"

"वरनं अंगण मोठं दिसलं गो. मोकळं दिसलं."

"मोकळंच हाय. तुझ्या आजोबांनी सुकट वाळवायला केलेलं. गिधाडं उतरवायला नाय केलेलं, मेल्या."

गोदूबाई केसांतून सुकट वेचत म्हणाली, "यमुने, पोरगा उडाला तुझा. कौतुक कर जरा."

"आधी केसांतली माझी सुकट परत दे, मग तू कर कौतुक."

नितेश हसला नाही. गाल चोळत बसून राहिला. पण त्याच्या डोळ्यांत काहीतरी होते, ते मी आधी कधी पाहिले नव्हते. दोन मुस्काटात खाऊनही ते गेले नाही.

यंत्र वेदचे. वेद म्हणजे वर सड्यावर, कातळाच्या पठारावर, हापूसची मोठी बाग आहे त्या गोपाळकृष्णांचा मुलगा. पुण्याची नोकरी सोडून आला आणि येताना मित्रांच्या कारखान्यातून हे घेऊन आला. मधे एक खुर्ची, चार बाजूंना चार दांडे, प्रत्येक दांड्याला वरखाली दोन पंखे. विजेवर चालायचे, एकट्याने बसायचे. वाडीने त्याचे नाव भुंगा ठेवले. वेद सांगायचा की पुढे प्रत्येक घरात एक असेल, रस्ता लागणार नाही, पूल लागणार नाही. सांगायचा खूप, उडायचा मात्र नाही. कारण यंत्र किती वजन उचलणार ते ठरलेले, आणि वेद त्याच्या पार पलीकडचा.

"पुण्यात होतो तेव्हा बसत होतो, काकू," तो म्हणाला. तोही मोटारसायकलवरून धापा टाकत मागोमाग आलाच होता.

"मग पुण्यातच बसायचंस. इथं आईच्या हातचं खाऊन वर उडायचं म्हणतोस?"

"नितेश बारीक आहे. शिवाय मोटारी त्याला कळतात. म्हणून त्याला शिकवलं."

"ह्याच्यात माशाची पाटी नेता येते?"

"नाही. एकट्या माणसाचंच वजन."

"पाऊस असला तर?"

"पावसात नाही उडवायचं."

"वारा?"

"जास्त वारा नको."

"उडतो किती वेळ?"

"तसं... भात शिजायला ठेवलात आणि उडालात, तर शिजायच्या आत उतरायला हवं. मग दोन-तीन तास चार्जिंग."

"म्हणजे पाटी न्यायची नाय, पावसात नाय, वाऱ्यात नाय, आणि भाताच्या आधी घरी यायचं. अरे, मग हे दर्याकिनारी आणलंस कशाला? देवघरात ठेव आणि फुलं वाहा."

वेद हसला. मोठ्या घरचा असला तरी पोरगा वाईट नव्हता. कोंबडीचे पैसे द्यायला लागला, तेव्हा मी त्याला हाकलून दिले. कोंबडी आम्ही त्याच दिवशी खाल्ली. नितेशलाच सोलायला लावली.

नितेशबद्दल सांगायला फारसे काही नाही, हेच त्याच्याबद्दल सांगायचे. आमचे घराणे दर्यावर्दी. भाट्याच्या पुढे आमची वाडी, आणि वाडीची रापण आमच्या घरची. त्या घरात हा जन्मला आणि होडीत पाय ठेवला की ओकायचा. बाप आत्माराम त्याला दांड्याने मारायचा, मारून होडीत घालायचा, आणि तो मार खाऊन पुन्हा ओकायचा. शेवटी बापाने नाद सोडला. पोरगा पंपाच्या मोटारी दुरुस्त करायला शिकला. लोकांच्या विहिरींत उतरायचा, ग्रीसने माखून वर यायचा, देतील ते घ्यायचा. लग्न जमले नाही. रापणीच्या दिवशी पंप दुरुस्तीचे निमित्त काढून सड्यावर जायचा, म्हणजे किनाऱ्यावर कोणी त्याला हसायला नको. आपल्याच घरच्या रापणीत त्याने कधी वाटा घेतला नव्हता.

रापण म्हणजे काय ते घाटावरच्या लोकांना सांगावे लागते. होडी किनाऱ्यावरून जाळे सोडत निघते, माशांच्या थव्याला वळसा घालते आणि परत किनाऱ्याला लागते. जाळ्याच्या दोन टोकांना दोन दोर. ते दोर वाळूत उभे राहून सगळी वाडी ओढते. ज्याने दोराला हात लावला त्याला वाटा, मग तो वाटेवरचा परका का असेना. आणि रापणीत जे येईल ते सगळ्यांचे. मासा येवो, ओंडका येवो, पिंप येवो, मालकाने वाळूवर त्याचे वाटे घालायचे. नवरा गेल्यापासून वाटे मी घालते. माझ्या वाट्यावर आजवर कोणी बोट ठेवलेले नाही. आणखी एक आहे. दोन दोरांच्या मधली जी वाळू, तिथे जाळे किनाऱ्याला लागेपर्यंत कोणी पाय ठेवायचा नाही. कुत्रे शिरले तरी आम्ही धोंडा मारतो.

थवा कुठे आहे ते टेकडीवर उभे राहून काशीराम सांगायचा. माझ्या नवऱ्याचा सोबती. पाण्याचा रंग कुठे काळा पडला ते बघायचा आणि लाल फडके हलवायचा. डावीकडे, उजवीकडे, आता सोड. त्याचा मुलगा अनिल होडी चालवतो. अलीकडे काशीरामच्या डोळ्यांत मोतीबिंदू उतरला होता. दोन वेळा रापण रिकामी आली. कोणी काही बोलले नाही, पण बायका टोपल्या उपड्या घालून बसल्या की ते बोलल्यासारखेच असते.

तिसऱ्या वेळी नितेश भुंग्यात बसून वर गेला. मला विचारले नाही. सकाळची वेळ, वारा पडलेला, दर्या तेलासारखा. नारळाच्या झाडांच्या कितीतरी वर जाऊन तो उभा राहिला आणि काशीरामसारखेच लाल फडके हलवायला लागला. अनिलने होडी त्याच्या फडक्यावर नेली. त्या दिवशी तारली मासळी एवढी आली की जाळे ओढताना माणसांचे गुडघे वाळूत रुतले. मी वाटे घातले. टेहळ्याचा वाटा नेहमीसारखा काशीरामला घातला, आणि त्याच्या शेजारी तेवढाच नितेशला. तो समोर उकिडवा बसला आणि त्या तारल्यांकडे बघत राहिला. पाटी आणली नव्हती बावळटाने. शर्ट काढून त्यात बांधून घरी आणल्या. रात्री जेवताना म्हणाला, "आये, वर ओकारी येत नाय गो."

मी म्हटले, "गप जेव."

पुढे दिवाळीची सुट्टी लागली. किनारा पाहुण्यांनी भरला. त्या दिवशी सकाळी लाईट गेली ती जेवणाच्या वेळेला आली. भुंगा अर्धवटच चार्ज झालेला. इकडे होडीवाले सांगत आले की थवा अगदी जवळ आहे, मोठा आहे. वेद म्हणाला, "आज नको. चार्ज कमी आहे, वाराही सुटलाय."

मी म्हटले, "बरोबर बोलतोय तो. काशीराम जाईल टेकडीवर."

नितेश टोप बांधत होता. मान खाली घालून म्हणाला, "काशीकाकांना पाण्याचा रंग दिसत नाय आये. सगळ्यांना माहीत हाय. तूच तेवढं बोलत नायस."

काशीराम मागेच उभा होता. हातात फडके. त्याने ते फडके नितेशच्या मांडीवर टाकले.

"जा बाबा. तुझे डोळे नवे. मी आपला दोरावर जातो."

"काशीभावजी, दोराला कोवळी पोरं हायत," मी म्हटले.

"वयनी, दोराला डोळे लागत नायत," तो म्हणाला आणि कमरेएवढ्या पाण्यात जाऊन दोराचे पहिले ठिकाण धरून उभा राहिला. दिसत नाही म्हणून दोराचा ताण कळायला त्याने उजव्या मनगटाला एक वेढा घेतला. असा वेढा घेऊ नये हे त्यानेच वाडीतल्या पोरांना शिकवले होते.

भुंगा वर गेला. थवा खरेच मोठा होता, किनाऱ्यावरूनही पाणी काळे दिसत होते. अनिलने वळसा घातला, टोक किनाऱ्याला आणले, दोन्ही दोर ताणले. आता नितेशने उतरायचे. पण थवा जाळ्यात फिरायला लागला तसा तो फडके हलवत राहिला. उजवा दोर ओढा, डावा थांबवा. आयुष्यात पहिल्यांदा सगळी वाडी त्याच्या हाताकडे बघत होती. तो कसा उतरेल?

मग समुद्राकडून वारा आला. भुंगा एका बाजूला कलला, सावरला, आणि खाली खाली यायला लागला. त्याच्या पोटातले यंत्र ओरडायला लागले, ती चार्ज संपत आल्याची शिट्टी खालपर्यंत ऐकू येत होती. वाऱ्याला तोंड देत तो थेट थव्यावरून आला. सूर्य मागे, त्यामुळे भुंग्याची सावली पाण्यावर पडली, मोठ्या घारीसारखी. वरून घार आली की मासा काय करतो ते पाळण्यातले पोरही सांगेल. काळे पाणी एकदम फाटले. थवा जाळ्याच्या तळाखालून निघून गेला. दोर हातात हलके झाले.

"गेला! गेला रे सगळा!"

नितेशला खाली उतरायचे होते आणि जागा नव्हती. सगळ्या किनाऱ्यावर पाहुणे मोबाइल वर करून उभे. वाळू मोकळी फक्त एकाच ठिकाणी होती. दोन दोरांच्या मधे. वरून त्याला ती मोकळी दिसली. ती मोकळी का असते ते त्याला ठाऊक होते, आईच्या दुधाबरोबर प्यायला होता तो ते. पण शिट्टी वाजायला लागल्यावर माणसाला जे ठाऊक असते ते उपयोगाला येत नाही.

तो उतरला, आणि पुढचा पंखा दोरावर आला.

पंख्याने दोर गिळला. इतका झटका बसला की ओढणारी माणसे एकावर एक पडली. पोरांनी दोर सोडला, त्यांच्या तळहातांची साले निघाली. काशीरामला सोडता आला नाही. दोराने त्याला पाण्यातून उचलून वाळूवर आपटले आणि फरपटत भुंग्यापर्यंत नेले. हाड मोडल्याचा आवाज मी ऐकला. ओला बांबू मोडतो तसा. मग भुंगा उलटा झाला, पंखे वाळूत फुटले, त्याचे तुकडे सणसणत गेले, एका पाहुणीच्या कपाळाला लागून रक्त आले. काशीराम ओरडत होता.

मनगटाच्या खाली हात उरला नव्हता, नुसता लगदा होता. अनिलने होडीतून उडी टाकली, बापाच्या दंडाला दोरी आवळली. टेम्पोसाठी माणूस धावला.

पहिला दगड सखूने मारला. काशीरामची बायको. माझ्याबरोबर बाजारात बसून मासळी विकलेली. दगड नितेशच्या खांद्याला लागला. तो उलट्या भुंग्यात पट्ट्याला लोंबकळत होता, सुटता येत नव्हते. मग वाडी तुटून पडली. वल्ही आली, धोंडे आले. कोणी भुंग्यावर मारत होते, कोणी नितेशवर, कुणालाच फरक कळत नव्हता. पट्टा सुरीने कापून त्याला खाली पाडला आणि लाथा घातल्या. तोंड फुटले, दात वाळूत पडले. वेद मधे पडला तर त्याच्या डोक्यात वल्हे घातले. तो बसलाच.

"बुडव मेल्याला! बुडव!"

"मासा घालवला, माणूस घालवला!"

"लहानपणी ओकत होता, आता आमच्यावर ओकला!"

मी वल्ह्यांतूनच घुसले. दोन माझ्या पाठीवर बसली. कोणाची ते मला माहीत आहे, आणि त्यांनाही माहीत आहे की मला माहीत आहे. मी नितेशची कॉलर धरली आणि त्याला ओढत वरच्या कोरड्या वाळूवर नेले, जिथे मी वाटे घालते तिथे. तिथे टाकला आणि उभी राहिले.

"थांबा!" मी ओरडले. "मी रापणीची मालकीण. रापणीत जे येईल त्याचे वाटे मी घालते. खरं का खोटं?"

वल्ही वरच राहिली.

"खरं का खोटं, तोंडं शिवली काय?"

"खरं," मागून कोणीतरी म्हणाले.

"आज रापणीत मासा नाय आला. ह्यो आला. दोरातच आला, सगळ्यांनी बघितलात. म्हणजे ह्यो सगळ्यांचा. मारून वाळूत टाकायला ह्यो कोणा एकाचा नाय. मी वाटे घालते. बोला, कोणाला काय देऊ? मोठ्या माशाचं डोकं मालकाचं, ते माझं. त्याला हात लावायचा नाय. बाकी बोला. पाय कोणाला? लाथा मारणारे बरेच होते, त्यांना पाय देते. सखू, तुला काय देऊ? काळीज? ने, घरी जाऊन चुलीवर ठेव. या, पाट्या घेऊन या!"

सखूने तोंडात पदर कोंबला आणि मटकन खाली बसली. वल्ही खाली आली. पुढचे दोघे मागे सरकले. आमच्या माणसांना मी चांगली ओळखते. एकदा मागे सरकले की पुन्हा पुढे येत नाहीत.

पण अनिल पुढे आला. शहाळ्यांच्या गाडीवरचा कोयता त्याच्या हातात होता. तो रडत होता आणि त्याला ते कळत नव्हते.

"माझ्या बापाचा हात गेला, काकी," तो म्हणाला. "तू वाटे घालतेयस ना? मला हात पायजे."

सगळी माझ्याकडे बघत होती. मी वाटे घालीन म्हटले होते, भर वाळूत, साऱ्या वाडीसमोर. त्यातला एक वाटा मागितला गेला होता आणि तो मागणे चुकीचे नव्हते.

मी काही बोलायच्या आत नितेश उठून बसला. एक डोळा बंद झालेला, तोंडातून रक्ताची लाळ. शेजारी ओढून ठेवलेल्या होडीच्या काठाला धरून गुडघ्यांवर आला. उजवा हात होडीच्या काठावर ठेवला. पालथा. बोटे पसरली. त्या बोटांच्या नखांत ग्रीस होते, ते कधीच निघायचे नाही.

"आये, तू सरक जरा," तो म्हणाला. "अन्या, लवकर कर. मी हात काढून घेईन नायतर."

अनिलने डोळे मिटले आणि कोयता घातला.

एकाच घावात झाले. शहाळेवाले धार चांगली ठेवतात. अंगठा राहिला, बाकी बोटे होडीच्या आत पडली. नितेश ओरडला नाही, पुढे वाकला आणि ओकला. अनिलने कोयता टाकला आणि तोही ओकला. मग आपलाच शर्ट फाडून नितेशच्या हाताला गुंडाळायला लागला, गुंडाळताना "दाबून धर रे, दाबून धर," असे म्हणत होता, शाळेत एकाच बाकावर बसायचे ते दोघे.

तेवढ्यात टेम्पो आला. माशाचा. उडणारे यंत्र वाळूत पालथे पडले होते, रस्ता नको, पूल नको म्हणून आणलेले. जखमी माणसे मात्र बर्फाच्या खोक्यांमधे पाय दुमडून रस्त्याने गेली. काशीराम आणि नितेश शेजारी शेजारी आडवे, मधे मी. भाट्याच्या पुलावर गाडी आदळली तेव्हा काशीरामने डोळे उघडले.

"नितेश."

"काका."

"थवा मोठा होता काय रे?"

"मोठा होता. एवढा मी कधी बघितला नव्हता."

"वरनं कसा दिसतो?"

नितेशने उघडा होता तो डोळाही मिटला. मला वाटले शुद्ध गेली. मग म्हणाला, "ढगाची सावली कशी जाते काका, सड्यावरनं, तसा. पण सावली वाऱ्याबरोबर जाते. ह्यो आपल्या मनानं जातो."

"हां," काशीराम म्हणाला. "मला टेकडीवरनं तसाच दिसायचा."



सरकारी दवाखान्यात डॉक्टरीण तरुण होती. काशीरामचा हात मनगटावरून काढावा लागला. मग नितेशचा हात बघितला आणि माझ्याकडे बघितले. मी म्हटले, "दोघांचेही हात पंख्यात गेले."

"आजी, पंखा इतकं सरळ कापत नाही."

"मग तुला शिवायला बरं. सरळ शिव."

पोलिसांनाही मी तेच सांगितले. नितेशने तेच सांगितले. वाडीत विचारायला गेले तर पहिला दगड मारणाऱ्या सखूनेही तेच सांगितले, पंख्यात गेले. वेदच्या डोक्याला टाके पडले होते. त्याला विचारले तेव्हा म्हणाला, यंत्र उलटले तेव्हा लागले. त्याच्याकडे उडवायची परवानगीच नव्हती, बिचारा दुसरे काय सांगणार. भुंग्याचे उरलेले तुकडे तो गोळा करायला आला तेव्हा तिथे काही उरले नव्हते. वाडीने नेले होते. गोदूबाईने त्याची खुर्ची नेली, तिच्यावर बसून ती आता मासळी विकते. रापणीत आले ते सगळ्यांचे.

लोक मागून म्हणतात, यमुनेने तोंडाच्या जोरावर लेकाचा हात दिला. म्हणोत. त्या दिवशी वाळूवर माझ्या तोंडाखेरीज दुसरे काय होते ते त्यांनी पुढे येऊन सांगावे, मी ऐकून घेईन. जो जिवंत आहे त्याच्यासाठी मी रोज भात शिजवते.

नितेश घरी आला. सड्यावरून पंपासाठी निरोप आला की ओटीवर जाऊन बसायचा. एकदा डाव्या हाताने पाना धरून पाहिला, ठेवून दिला. मी मुद्दाम पाहिले नाही. घरात त्याला मी भरवत नव्हते, डाव्या हाताने खाईल तसे खाऊ देत होते, पाठ करून चुलीशी बसत होते.

देवदिवाळीला देवळात वाडीची पंगत असते. पुरुष आधी, बायका नंतर. रापणीची मालकीण म्हणून मी पहिल्या पंगतीला बसते. नवऱ्याचा मान तो. काशीराम पहिल्यांदा घराबाहेर पडून आला होता. थोटा हात उपरण्यात गुंडाळलेला. माझ्या समोरच्या ओळीत बसला. त्याच्या शेजारची जागा कोणी घेतली नाही, तेव्हा नितेश जाऊन बसला, पांढऱ्या फडक्यातला हात मांडीवर घेऊन.

पाने वाढली. भात पडला, काळ्या वाटाण्याचे सांबारे पडले. देवाला गाऱ्हाणे घालून झाले, "होय महाराजा" झाले, जेवा म्हटले. आणि पंगत तशीच राहिली.

दोघांचे हात पुढे येईनात. उजवे नव्हते, आणि देवाच्या पंगतीत डाव्या हाताने कोण जेवणार? आमच्यात पोराने डावा हात पानात घातला तर आई त्यावर पळी मारते. काशीराम पानाकडे बघत होता. सखू वाढत होती, ती पळी खाली ठेवून त्याला भरवायला वाकली, तर त्याने तोंड फिरवले. नितेशने घसा खाकरला आणि पाणी प्यायला. पुजारी इकडे तिकडे बघायला लागला. अनिल माझ्या ओळीत पलीकडे होता, त्याच्या पानातल्या भातावर माशी बसली तरी त्याला कळले नाही.

मी पदर खोचला. उजवा हात पाठीमागे घेतला आणि डावा पानात घातला.

भात कालवता येईना. सांबारे मनगटावरून कोपरापर्यंत ओघळले. एवढी म्हातारी झाले आणि तान्ह्या पोरासारखा माझ्या हातून घास निसटत होता. पहिला पडला, दुसरा तोंडात गेला. मी चावला, गिळला आणि मान वर करून सगळ्या पंगतीवरून नजर फिरवली.

समोर काशीरामने डावा हात उपरण्याला पुसला आणि भाताकडे नेला. मग नितेशने नेला.

वाढपी वड्यांची परात धरून तोंड उघडे टाकून उभा होता.

"बघतोस काय?" मी म्हटले. "वाढ."